पोकेमॉन कलोसियम: चोरी का सोडवणूक?

काल कट्ट्यावर सुन्याने विषय काढला आणि चहा गार होईपर्यंत तोच चालला. त्याने कुठूनतरी एमुलेटरवर (जुने गेम पीसीवर चालवणारं सॉफ्टवेअर) पोकेमॉन कलोसियम हा गेम लावला होता, तोच निन्टेंडोच्या गेमक्यूब कन्सोलवाला, जपानात २००३ला आलेला. "अरे काय भंगार आहे, पोकेमॉन पकडायला गवत नाही, जंगली पोकेमॉन नाहीत, नुसतं वाळवंट, आणि सेव्ह करायला पण गेममधला पीसी शोधत फिरा."

प्राजू लगेच तापली. म्हणे, "येड्या, तेच तर आहे ना! ऑरेमध्ये, म्हणजे या गेमच्या प्रदेशात, जंगली काही मिळतच नाही म्हणून तर दुसऱ्याचा पोकेमॉन खेचायचा." बाकीच्या गेममध्ये समोरच्या ट्रेनरच्या पोकेमॉनवर बॉल टाकला की चोरी करू नको म्हणून झापतात, इथे हीरो वेसच टीम स्नॅगम या पोकेमॉनचोर टोळीचा जुना माणूस, सुरुवातीलाच त्यांचा अड्डा उडवून दुसऱ्याचे पोकेमॉन खेचायचं स्नॅग मशीन घेऊन पळतो.

"म्हणजे चोरच ना मग," बंड्या.

"सायफर टोळीवाल्यांनी त्या पोकेमॉनची मनं बंद करून टाकलीयेत रे, वेस त्यांना सोडवतोय!" प्राजू.

बंड्याला काही ते पटलं नाही. ज्याचा पोकेमॉन गेला त्याला कुणी विचारलं का, म्हणे. मुद्दा बरोबर आहे त्याचा, पण मी प्राजूच्या बाजूने, कारण खेळताना ती चोरी सोपी नसतेच. सगळ्या लढती दोन-दोन पोकेमॉनच्या. मिरर बी या सायफरवाल्याकडचा सुडोवूडो पोकेमॉन घ्यायचा तर त्याला मरू न देता अर्धमेला करायचा, आणि तेवढ्यात शेजारचा त्याचा दुसरा पोकेमॉन लुडिकोलो आपल्या एस्पियनला धुतोय, एक मेला की दुसरा लुडिकोलो, असे चार आहेत त्याच्याकडे, वर ते नाचरं म्यूझिक. बॉल हलतो, हलतो, फुटतो. शिव्याच निघतात तोंडातून.

आणि मिळाला तरी लगेच आपला होत नाही. नाव पण ठेवता येत नाही त्याला, आधी लढवून लढवून मन उघडायचं, मग अगेट गावातल्या त्या शिळेपाशी न्यायचं, तेव्हा कुठे तो शुद्ध होतो आणि साठलेला एक्सपी (अनुभवाचे गुण) मिळतो.

सुन्या म्हणाला, "आणि एवढं करून मिळतं काय?"

"बंद मनाचे ४८च्या ४८ शुद्ध कर, माउंट बॅटल डोंगरावरचे १०० ट्रेनर हरव, हो-ओह पोकेमॉन देतात."

"१००? मी चाललो जेवायला."

बंड्या अजून तिथेच, चोर तो चोरच म्हणत.