राज्यांचे हक्क? कुणाचे?

लेखात अमेरिकेतल्या यादवी युद्धाचं (उत्तरेची राज्यं विरुद्ध दक्षिणेची) कारण ‘राज्यांचे हक्क आणि जकात’ असं दिलंय, ते काही पटलं नाही. जानेवारी १८६१ मध्ये मिसिसिपी या दक्षिणेतल्या राज्यानं अमेरिकेतून फुटून निघताना काढलेला जाहीरनामा वाचा. सुरुवातीलाच गुलामगिरीचं नाव, आडपडदा नाहीच. आणि १८५० चा पळालेल्या गुलामांचा कायदा? गुलामगिरी नसलेल्या उत्तरेत पोचलेल्या माणसाला पकडून परत मालकाच्या हवाली करायचं, वर तिथल्या लोकांनीच त्यात मदत करायची! तेव्हा उत्तरेच्या राज्यांचे हक्क कुठे गेले होते? (आयात मालावरची जकात तर १८५७ मध्ये कमीच झाली होती.)

लेखाचा शेवटही घाईत उरकलाय. १८६५ च्या, राज्यघटनेतल्या तेराव्या दुरुस्तीनं गुलामगिरी संपली खरी, पण ‘गुन्ह्याची शिक्षा म्हणून’ ती चालेल, एवढी फट राहिलीच. मग दक्षिणेत रिकामटेकडे म्हणून काळ्या माणसांना धरायचं आणि तुरुंगातून मळेवाल्यांना भाड्यानं द्यायचं, हे सुरू झालं.