महानगरी सांगलीत मे महिना कसा घालवावा

पुण्याहून फोन एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात येतो. "काका, मेमध्ये दहा दिवस येतोय. मुलांना जरा गाव दाखवायचंय." पुतण्या वाकडला राहतो. कडेला ज्वारीची ताटं उभी होती तेव्हा त्यानं तिथं फ्लॅट घेतला आणि त्याच दिवसापासून सांगली त्याच्यासाठी 'गाव' झाली. अशा वेळी चिडायचं नाही. शांतपणे सांगायचं की बाबा, १९९८ साली सांगली, मिरज आणि कुपवाड या तिघांना एकत्र बांधून महानगरपालिका झाली आहे. त्या शब्दातच महानगर आहे, नीट वाच.

एकदा हे सांगून बसलात की मग सुटका नाही. महानगर म्हटलं की महानगरी उन्हाळा आला. वर्तमानपत्राच्या पुरवणीत येतो तसा: संध्याकाळी गच्चीवरचं जेवण, शनिवारी काहीतरी 'लाइव्ह', रविवारी काहीतरी 'हॅपनिंग'. पाहुण्यांसमोर नाक कापून घ्यायचं नसेल तर पुढचं लक्ष देऊन वाचा. आम्ही हे सगळं करून बसलो आहोत.

पहिला प्रश्न पाण्याचा. पाहुण्यांची सूनबाई दारातच विचारते, "बिसलेरी आहे का?" आमच्या आत्यानं यावर कायमचा तोडगा काढलाय. तांब्या पुढं करताना ती म्हणते, "मिरजेचं पाणी आहे हो. लातूरकरांनी रेल्वेनं मागवलं होतं." खोटं नाही. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला खरोखरच रेल्वेनं पाणी गेलं होतं. वाघिणी भरभरून बाहेरगावी गेलेलं पाणी म्हटल्यावर सूनबाई निमूट पिते. हा तांब्या गावभागातल्या आमच्या विहिरीचा असतो ही गोष्ट वेगळी, आणि तिथं कुणी रेल्वे आणलेली नाही.

दुपारी बारा ते पाच महानगर बंद असतं. पारा चाळिशीच्या आसपास खेळत असतो आणि रस्त्यावर डांबर, कुत्री आणि लग्नपत्रिका वाटत फिरणारे वरबाप एवढेच असतात. या वेळात पाहुण्यांना झोपवावं. झोप येत नाही म्हणाले तर आमरस वाढावा.

आता संध्याकाळ. इथं तुम्हाला विश्रामबागेकडच्या एखाद्या गच्चीवरच्या कॅफेत जावं लागेल, त्याला इलाज नाही. चौथ्या मजल्यावर असतो, लिफ्ट तिसऱ्यापर्यंत असते. दिवसभर तापलेला स्लॅब साडेआठपर्यंत खालून शेक देतो आणि वरून फवारे मारणारा पंखा तोंडावर पाणी उडवतो. म्हणजे खालून भाजणं आणि वरून वाफवणं एकाच वेळी चालतं. इडलीला काय वाटत असेल ते कळतं. मेन्यूकार्ड नसतं. टेबलावर चिकटवलेल्या चौकोनाचा मोबाईलनं फोटो काढायचा, मग मोबाईलवर पदार्थ उगवतात. ते वाचायला चष्मा काढावा लागतो आणि किंमत बघून परत घालावा लागतो.

आमच्याकडून एक चूक झाली. आम्ही अण्णांना बरोबर नेलं. अण्णा शेजारचे, चाळीस वर्षं हळदीच्या अडतीत काढलेली. पुतण्यानं हौसेनं सगळ्यांसाठी 'टर्मरिक लाटे' सांगितला. पांढऱ्या कपात फेस आला, फेसावर पिवळी भुकटी भुरभुरलेली. मुलांनी फोटो काढले. अण्णांनी कपाला तोंड लावलं नाही. भुकटी चिमटीत घेतली, अंगठ्यानं तर्जनीवर चोळली, नाकाशी नेली आणि वाढणाऱ्या पोराला म्हणाले, "मालकाला बोलव की जरा."

मालक आला. पंचविशीतला, नम्र मुलगा. टी-शर्टवर डोंगराचं चित्र.

"हळद कुठली ही?"

"ऑरगॅनिक आहे, काका."

"असू दे की. आली कुठनं?"

"ऑनलाइन मागवतो. बेंगलोरहून येते."

अण्णा थोडा वेळ काही बोलले नाहीत. उठून कठड्यापाशी गेले आणि मार्केट यार्ड कुठल्या दिशेला येतं ते बघितलं. ज्या यार्डात हंगामात हळदीच्या पोत्यांच्या थप्प्या लागतात, ज्या हळदीला २०१८ साली सांगलीच्या नावानं भौगोलिक मानांकन मिळालं, ते यार्ड त्या कठड्यापासून रिक्षानं जायच्या अंतरावर होतं. परत येऊन बसले.

"राजापुरी न्हाई ही."

"नाही ना?" मालक घाबरून म्हणाला.

"न्हाईच. केवढ्याला देता?"

"दोनशे वीस."

"किलोला?"

तेव्हा सल्ला असा, की कॅफेत जाताना सांगलीचा माणूस बरोबर नेऊ नये. शक्य असेल तर स्वतःही जाऊ नये, पाहुण्यांनाच खालून हात करावा. तिथं 'भडंग बाउल' नावाचा प्रकारही होता. काचेच्या बरणीत मूठभर भडंग, वर कोथिंबिरीची दोन पानं, खायला लाकडी चमचा. भडंग चमच्यानं खाताना मी आयुष्यात पहिल्यांदा माणूस पाहिला, आणि तो आमच्याच रक्ताचा होता.

यापेक्षा जेवायचं झालं तर जत्रा. ही गोष्ट पुरवणीवाल्यांना अजून कळलेली नाही, तोवर खाऊन घ्या. चैत्र-वैशाखात तासगाव, पलूस, कवठेमहांकाळ, कुठल्याही बाजूला तोंड करून उभे राहिलात तरी वास येतो. मात्र इथं टेबल बुक होत नाही, माणूस बुक करावा लागतो. त्याची तयारी संक्रांतीपासून करावी. बँकेत, बसस्टँडवर, दवाखान्यात, जिथं ओळख होईल तिथं दुसराच प्रश्न हा असावा: "तुमच्या गावची जत्रा कधी?" समोरचा तिथी सांगतो आणि त्याच श्वासात म्हणतो, "या की!" हे 'या की' तोंडदेखलं नसतं. गेला नाहीत तर पुढचे सहा महिने ऐकून घ्यावं लागतं.

फक्त दिवस नीट विचारून घ्या, कारण जत्रेला दोन निवद असतात. पहिल्या दिवशी पोळ्यांचा, दुसऱ्या दिवशी बोकडाचा. आम्ही पुतण्याला घेऊन उत्साहानं पहिल्याच दिवशी पोचलो. यजमानांनी इतक्या प्रेमानं पुरणपोळ्या वाढल्या की "उद्या येऊ का परत?" हे विचारायचं तोंड राहिलं नाही. यजमानच म्हणाले, "उद्या जेवायला या, आज नुसतं टेकलाय." दुसऱ्या दिवशी मांडवात पंगत बसली. चुलीवरचं पातेलं बघून धाकटीनं विचारलं, "यात अंघोळ करतात?" रस्सा वाढणारा ताटासमोर थांबत नाही, चालता चालता ओततो, आणि भाकरी चुरून तयार ठेवली नसेल तर तुमची पाळी गेली. पुतण्यानं दुसऱ्यांदा 'थोडासाच' म्हटलं. तिथं त्या शब्दाला अर्थ नाही. दोन पळ्या पडल्या. परतीच्या वाटेवर गाडीत कुणी बोललं नाही. सूनबाईनं फक्त एवढंच विचारलं की याचं 'रेटिंग' कुठं द्यायचं असतं.

लग्नांबद्दल फार सांगत नाही. मेमध्ये रोज चार आमंत्रणं असतात, आणि पुण्याच्या पाहुण्यांना कपडे बरे असल्यामुळे पाचव्या लग्नातही कुणी अडवत नाही.

पोट भरलं की करमणूक. इथं सांगलीला कुणी हात धरू शकत नाही. विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली इथं 'सीतास्वयंवर' केलं आणि मराठी रंगभूमी सुरू झाली. म्हणून ही नाट्यपंढरी. दर ५ नोव्हेंबरला रंगभूमी दिन असतो, भाव्यांच्या नावाचं गौरवपदक दिलं जातं, गाव भरून येतं. पाहुण्यांना हे सगळं नाट्यमंदिराच्या समोर उभं करून, छाती पुढं काढून सांगावं. त्यांनी चुकून "मग आज कुठलं नाटक आहे?" असं विचारलं, तर घड्याळ बघावं आणि मल्टिप्लेक्सला न्यावं. तिथं दाक्षिणात्य सिनेमा हिंदीत बोलत असतो आणि एसी चालू असतो. मला यात काही वावगं दिसत नाही. पंढरपुरात राहणारे तरी रोज कुठं देवळात जातात? आणि नाट्यमंदिरात समजा खरंच एखाद्या शिबिराच्या पोरांचं नाटक असलंच, तर आईबापांनी पहिल्या दोन रांगा मोबाईल वर धरून अडवलेल्या असतात. मागं बसणाऱ्याला नाटक दिसत नाही, पण चाळीस पडद्यांवर दिसतं.

एक दिवस मिरजेसाठी राखून ठेवावा. सतारमेकर गल्लीत जावं. दुकानाच्या पायरीवर वाळलेले भोपळे एकावर एक रचलेले असतात, आत कुणीतरी मान खाली घालून पटाशी चालवत असतं आणि तुमच्याकडं बघत नाही. ते तसंच राहू द्यावं. आमच्या पुतण्यानं "इथं काही वर्कशॉप असतं का, दोन तासांचं?" असं विचारलं. कारागीर म्हणाला, "असतं की. माझं चालू आहे, एकवीस वर्षं झाली." आणि परत पटाशीला लागला.

राहिली नदी. ही सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात मोठी करमणूक, आणि तिचे दोन भाग आहेत.

पहिला भाग मगर. कृष्णेत मगरी आहेत, यात अतिशयोक्ती नाही. भिलवडी, औदुंबरपासून इकडं हरिपूरपर्यंत अधूनमधून दर्शन देतात. तरीही मेमध्ये घाटावर पोहणाऱ्यांची गर्दी असते. मगर दिसली की आधी फोटो काढायचा आणि मग बाहेर यायचं, असा क्रम ठरलेला आहे. आम्ही संध्याकाळी आयर्विन पुलावर गेलो तर कठड्याला पन्नास माणसं ओणवी. "मगर हाय, मगर!" पुतण्याच्या थोरल्याला खांद्यावर घेतला. वीस मिनिटं सगळे श्वास रोखून. मग एकानं दगड मारला, ठक्क आवाज आला. ओंडका होता. वाटलं आता गर्दी फुटेल. कुणी हललं नाही. तेवढ्यात शेंगदाणेवाला येऊन पोचला होता, आणि ओंडका पुढं कुठं जातो हे बघायचं राहिलं होतं. अर्ध्या तासानं तो वाळूला लागला तेव्हा दोघातिघांनी टाळ्याही वाजवल्या. पुण्यात यालाच तिकीट लावतील.

दुसरा भाग पुराचा. पूर ऑगस्टमध्ये येतो, पण सांगलीकर तो मेमध्ये दाखवतो. १९२९ चा आयर्विन पूल हे आमचं थर्मामीटर. ४० फुटांना इशारा, ४५ ला धोका, आणि २०१९ ला पाणी ५७ वर गेलं. हे आकडे आम्हाला पाढ्यासारखे येतात. मेमध्ये खाली बघितलं तर पात्रात म्हशी घोट्याएवढ्या पाण्यात उभ्या असतात. "काकाआजोबा, आता किती फूट आहे?" थोरल्यानं विचारलं. आता फूट मोजत नाहीत बाळा, आता दगड मोजतात.

मग पाहुण्यांना गावातून फिरवावं आणि प्रत्येक कोपऱ्यावर हात वर करावा. "इथपर्यंत होतं." सराफाच्या दुकानापाशी हात छातीशी, गल्लीत डोक्यावर, कोपऱ्यावर टाचा उंच करून. देवळात नमस्कार करावा तितक्या सवयीनं हे आम्ही करतो. हात किती वर जातो त्यावर त्या घराची प्रतिष्ठा असते, आणि ज्याच्या दारात पाणीच आलं नव्हतं तो माणूस असल्या गप्पांत जरा गप्प असतो.

आमच्या जिन्याच्या भिंतीवर पेन्सिलीच्या तीन रेघा आहेत. खालची २००५, वरची २०१९, दोन्हींच्या मध्ये २०२१. रंग दिला तेव्हा रंगाऱ्याला तेवढा पट्टा सोडायला सांगितला होता. एका दुपारी आमरस खाऊन सगळे झोपलेले असताना जिन्यात खुसपूस ऐकू आली. बघतो तर धाकटी भिंतीला पाठ लावून टाचा टेकवून ताठ उभी, आणि थोरला तिच्या डोक्यावर पट्टी आडवी धरून.

"मी २००५ च्या वर गेले!" ती म्हणाली.

थोरला स्वतः उभा राहिला. २०१९ ला दोन विती कमी पडला. तोंड पाडून बसला.

दहा दिवस संपले. डिकीत भडंगाचे दोन पुडे, तासगावचा बेदाणा आणि अण्णांनी स्वतः निवडून आणलेली राजापुरी पाव किलो ठेवली. पिशवीवर अण्णांनी पेननं भाव लिहिला होता, शिकवणूक म्हणून. गाडी सुरू करता करता पुतण्या काच खाली करून म्हणाला, "काका, पोरं इतकी रमली. पुढल्या वर्षी एकदा ऑगस्टमध्येच येऊ का? ते पाणी प्रत्यक्ष बघायचंय त्यांना."

"या की," मी म्हणालो. "अंथरूण-पांघरूण तेवढं आपलं आणा. तेव्हा खालच्या मजल्यावरची दोन्ही बिऱ्हाडं वर असतात, आणि त्यांचं बुकिंग आधीचं आहे."