‘फक्त एक टक्का’ या शब्दांबद्दल: सुलभाताईंच्या प्रतिक्रियेला उत्तर

सुलभाताई, नमस्कार.

तुमची प्रतिक्रिया परवा रात्री वाचली. लगेच उत्तर लिहिलं नाही, कारण तिच्यातला पेंग्विनचा मुद्दा थेट माझ्या चुकीवर बोट ठेवणारा आहे आणि तो नीट तपासून मगच लिहायचं होतं. बाकीच्या वाचकांसाठी थोडक्यात सांगतो. क्रिल म्हणजे कोळंबीसारखा इवलासा समुद्री जीव, पेंग्विनचं खाणं. अंटार्क्टिकातल्या क्रिलवरच्या लेखात मी म्हटलं होतं की तिथल्या साठ्याच्या फक्त एक टक्का क्रिल पकडलं जातं, तेही शास्त्रज्ञांनी घालून दिलेल्या मर्यादेत, त्यामुळे फार काळजीचं कारण नाही. त्यावर तुम्ही लिहिलंत, “असलं संशोधन म्हणजे मासेमारी कंपन्यांना दिलेला परवाना. पेंग्विन वाचवायचे असतील तर जहाजं बंद करा, मोजत काय बसायचं? आणि त्या भानगडीत भारताचा संबंध काय?”

आधी मोजण्याबद्दल. दक्षिण अटलांटिकमधल्या दक्षिण जॉर्जिया बेटाभोवती १९६९-७० च्या एकाच हंगामात सोव्हिएत जहाजांनी मार्बल्ड रॉककॉड हा मासा जवळपास चार लाख टन काढला. मर्यादा नव्हती, मोजदाद करणारं कुणी नव्हतं. पुढच्या हंगामात पकड पाववर आली आणि त्याच्या पुढच्या हंगामात नावापुरती उरली. पन्नास वर्षं उलटून गेली तरी तो मासा पूर्वीइतका झालेला नाही. अशा अनुभवांनंतर, आणि क्रिलचीही तीच गत होईल या भीतीने, १९८० साली अंटार्क्टिकातल्या सागरी जीवांच्या संरक्षणाचा करार झाला. १९८२ पासून त्याचा आयोग ऑस्ट्रेलियातल्या होबार्टहून काम बघतो. त्याला सगळे ‘कॅमलार’ म्हणतात. मोजणी नसली की मासेमारी थांबते असं नाही ताई, ती आंधळी होते.

पक्ष्यांचं उदाहरण तर मला कायम आठवतं. टूथफिश हा तिथला खोल पाण्यातला मोठा मासा. तो पकडायला हजारो गळ लावलेली लांबच लांब दोरी जहाजाच्या मागून सोडतात. गळाला आमिष असतं आणि गळ बुडायला काही क्षण लागतात. तेवढ्यात अल्बाट्रॉस, म्हणजे लांब पंखांचा मोठा समुद्रपक्षी, झेप घालतो, आमिषासकट गळ गिळतो आणि दोरीच्या वजनाने पाण्याखाली ओढला जातो. काही तासांनी दोरी वर घेतात तेव्हा माशांबरोबर तोही येतो, पंख भिजून अंगाला चिकटलेले. अल्बाट्रॉसची जोडी एका खेपेला एकच अंडं घालते आणि दोघं पाळीपाळीने पिल्लाला भरवतात. एक गेला की ते पिल्लूही गेलंच.

१९९७ च्या हंगामात कॅमलारच्या हद्दीत, परवाना असलेल्या जहाजांवरच, सहा हजारांहून जास्त पक्षी असे मेले असावेत असा अंदाज निघाला. तो कुठून निघाला? जहाजावर बसून मेलेला एकेक पक्षी वहीत टिपणाऱ्या निरीक्षकांच्या नोंदींतून. कोणत्या वेळी, कोणत्या महिन्यात, दोरी किती सावकाश बुडत असताना पक्षी मरतात, हे त्याच नोंदींवरून कळलं. मग नियम कडक झाले. दोरी रात्रीच सोडायची. ती झटकन बुडावी म्हणून वजनं लावायची. पक्षी बिचकावेत म्हणून मागे रंगीत पट्ट्या लोंबणारी दोरी ताणायची. दक्षिण जॉर्जियाला हंगाम हिवाळ्यात नेला, कारण तेव्हा बहुतेक अल्बाट्रॉस घरट्यांवर नसतात. काही वर्षांतच तिथे मरणाऱ्या पक्ष्यांची संख्या हजारांवरून बोटांवर मोजण्याइतकी झाली. जहाजं चालू असताना झाली. हा परवाना नव्हे हो.

सरसकट बंदीबद्दल एवढंच म्हणेन की नव्वदच्या दशकात टूथफिशच्या मागे चोरटी जहाजं लागली, तेव्हा ती दिसली की कळवणाऱ्यांत परवानाधारक जहाजंही होती. आणि हा मासा किती उरलाय हे कळायलाही जहाजच लागतं. पकडलेल्यांपैकी काही मासे खूणचिठ्ठी लावून जिवंत सोडतात. पुढे खुणेचे किती परत सापडतात त्यावरून साठा काढतात. वय कळतं ते डोक्यातल्या खड्यावरून. आपल्याकडे घोळीचं डोकं फोडलं की पांढरा टणक खडा निघतो ना, तसाच तो. चकती कापून भिंगाखाली धरली की झाडाच्या खोडासारखी वर्तुळं दिसतात. टूथफिशमध्ये ती चाळीसच्याही पुढे जातात.

आता माझी चूक. ‘एक टक्का’ हा आकडा खोटा नाही. २००० सालच्या मोठ्या पाहणीत त्या भागात क्रिलचा साठा सुमारे ६ कोटी टन निघाला होता आणि पकडीची मर्यादा आहे ६ लाख २० हजार टन. पण तो आकडा दिलासा म्हणून वापरणं चूक होतं. आपल्या जिल्ह्यात पडणाऱ्या पावसाच्या एक टक्काही पाणी कदाचित आपण वापरत नसू. पण तेवढं पाणी मे महिन्यात एकाच वाडीच्या विहिरीतून उपसलं तर? पिल्लं लहान असताना पेंग्विन फार लांब जाऊ शकत नाहीत, चाळीस-पन्नास किलोमीटरच्या टप्प्यातच क्रिल शोधतात. ट्रॉलरही दाट थव्यांच्या मागे नेमके तिथेच येतात. अमेरिकन शास्त्रज्ञांनी तीसेक वर्षांच्या पेंग्विन-नोंदी घेऊन २०२० साली हेच दाखवलं की एकूण पकड थोडी असली तरी ती एका जागी झाली की पेंग्विनना फटका बसतो. म्हणजे किती पकडलं याच्याइतकंच कुठे आणि केव्हा पकडलं हे महत्त्वाचं. तुमच्या बाजूचा हा सगळ्यात भक्कम पुरावा त्याच मोजणाऱ्यांनी दिलाय.

त्यांचं ऐकलं गेलं का? २००९ पासून ही मर्यादा चार भागांत वाटून दिली होती, म्हणजे सगळी जहाजं पेंग्विनच्या वसाहती असलेल्या अंटार्क्टिक द्वीपकल्पाजवळ एकवटू नयेत. २०२४ मध्ये ती तरतूद संपली. कॅमलारमध्ये सर्वांचं एकमत लागतं, ते झालं नाही. २०२५ च्या ऑगस्टमध्येच सगळी ६ लाख २० हजार टनांची मर्यादा गाठली गेली आणि हंगाम मुदतीआधी बंद करावा लागला. मलाही याची चीड येते. फक्त ती शास्त्रज्ञांवर काढू नका, त्यांचा सल्ला टेबलावर होता. ‘असलं संशोधन’ म्हणताना तुमची शंका कंपन्यांच्याच जहाजांवरून होणाऱ्या पाहण्यांबद्दल असेल, तर ती मात्र रास्त आहे. नॉर्वेची तिथल्या दक्षिण ऑर्कनी बेटांजवळची दरवर्षीची पाहणी तशीच होते. तिच्या जोडीला स्वतंत्र पाहणी हवीच, आणि तिला पैसा सरकारांनी द्यायला हवा.

आणि भारताचा संबंध. भारत १९८६ पासून कॅमलारचा सदस्य आहे. जिथे एकमत लागतं तिथे आपला शब्द इतर कुणाच्याही शब्दाइतकाच वजनदार. १९९५-९६ मध्ये ‘सागर संपदा’ हे आपलं जहाज क्रिलचाच शोध घ्यायला दक्षिणेत गेलं होतं. आपली ध्रुवीय संशोधन संस्था गोव्यात वास्कोला आहे. पूर्व अंटार्क्टिका आणि वेडेल समुद्रात संरक्षित क्षेत्रं व्हावीत या प्रस्तावांना भारताने २०२१ मध्ये जाहीर पाठिंबा दिला. ती अजून झालेली नाहीत. आपल्या खासदारांना विचारण्यासारखा प्रश्न आहे हा, आणि मी या आठवड्यात माझ्या खासदारांना पत्र लिहितोय. तुम्हीही लिहिलंत तर बरं होईल.

मूळ लेखातलं ते वाक्य आज बदललं आहे. जुनं वाक्य खोडून तसंच दिसतं ठेवलंय, त्याखाली नवं असं: “एकूण साठ्याच्या मानाने पकड थोडी आहे, पण ती पेंग्विनच्या पिल्लांच्या दारातून उचलली जाते.” शेजारी तुमचं नाव घालून आभार मानले आहेत. नको असेल तर कळवा, काढतो.