चौकटी कंसातला पहिला

शाळेत गणिताच्या सरांनी तीन कंस शिकवले होते. लहान, महिरपी आणि चौकटी. त्यातला चौकटी कंस मला तेव्हाही आवडायचा नाही. दोन्ही बाजूंनी भिंती, आत काय शिजतंय ते बाहेरच्याला कळत नाही. पण दहावी झाली, कंस सुटले, असं मी समजून चाललो होतो.

मी एका टॉवेलच्या कारखान्यात कॉम्प्युटरवर बसतो. अक्कलकोट रोडची एमआयडीसी, वर पत्रा, बाहेर एप्रिल. सोलापूरचा एप्रिल ज्याने पाहिलाय त्याला पुढचं सांगायला नको. आमचे टॉवेल परदेशी जातात आणि तिकडून ऑर्डर येते ती एक्सएमएल फाइलमध्ये. एक्सएमएल म्हणजे डब्यात डबा. ऑर्डरच्या डब्यात पेट्या, पेटीत टॉवेल, टॉवेलच्या पोटात रंग, माप, वजन. हवी ती वस्तू काढायची तर एक्सपाथ नावाच्या भाषेत तिचा पत्ता लिहायचा. पत्ता आपल्यासारखाच असतो, इथून आत, मग त्याच्या आत, आणि शेवटी खूण. आपण 'निळ्या दाराचं घर' म्हणतो ना, ती खूण तिथे चौकटी कंसात घालतात.

१६ नोव्हेंबर १९९९ ला ही भाषा अधिकृत झाली. इतक्या वर्षांत माणसाला थोडी तरी समज येते. कंसाला आलेली नाही.

त्या दिवशी मालक म्हणाले, "ह्या ऑर्डरीतला पहिला टॉवेल काढ की. पार्टीला सॅम्पल दाखवायचाय."

मी लिहिलं //टॉवेल[१]. (टॅगची, म्हणजे डब्यांवरच्या चिठ्ठ्यांची, नावं मराठीत चालतात, आकडा मात्र मशीनला इंग्रजीच लागतो; इथे आपल्या घरात म्हणून मी देवनागरी काढलाय.) यादी थेट गोदामातल्या प्रिंटरवर सोडली आणि चहाला गेलो. परत येऊन बघतो तर गोदामातले मामा घामाने निथळत बसलेले, हातात कटर, आणि समोर कंटेनरसाठी पट्टी मारून तयार ठेवलेल्या ४८ च्या ४८ पेट्यांची पोटं फाडलेली. शेजारी ४८ टॉवेलांची व्यवस्थित थप्पी.

"मामा, हे काय?"

"पहिला टॉवेल, सर. तुम्हीच यादी पाठवली. प्रत्येक पेटीतला पहिला."

कंसाने तेच केलं होतं. त्या दोन तिरप्या रेघांचा अर्थ 'सगळ्या घरांत जा', आणि चौकटी कंस चिकटतो तो फक्त शेवटच्या शब्दाला. मग प्रत्येक घरात जो पहिला, तो पहिला. ४८ घरं, ४८ थोरले. मला हवा होता सगळ्या भावकीतला एकच. त्यासाठी आधी अख्खा पत्ता लहान कंसात कोंडायचा, (//टॉवेल), आणि मग बाहेर चौकटीत एक. आधी लहान कंस सोडवा, असं सर छडी आपटून सांगायचे. तीस वर्षांनी ती छडी बसली.

पट्ट्या पुन्हा मारायला मामांना संध्याकाळ झाली. मालक काही बोलले नाहीत. सात रस्त्यावरून भजी मागवली, पण माझ्या प्लेटमध्ये दोनच आली, यातून काय ते समजलो.

मला राग कशाचा येतो, तर हा कंस कधी ओरडत नाही. कुठे लाल अक्षर नाही, घंटी नाही. चुकीचं मागा, तो चुकीचं आणून हसतमुखाने उभा. 'लाल' च्या पुढे फाइलमध्ये एक रिकामी जागा राहिली असेल तर एकही टॉवेल सापडत नाही, आणि रिकाम्या हातानेही तो तितक्याच हसतमुखाने उभा.

दुसरा प्रसंग लालचाच. एका लॉटचा लाल रंग जात होता. मालकांचा निरोप आला, "लाल सोडून बाकी सगळे पाठव." मी अट घातली, [रंग != 'लाल'], म्हणजे रंग लाल नाही. मराठीत वाचलं तर अगदी बरोबर वाटतं. रात्री सहज यादी तपासली आणि झोप उडाली. कोरे पांढरे टॉवेल यादीतून गायब. आणि लाल-पांढऱ्या पट्ट्यांचे, म्हणजे पहिल्या धुण्यात गुलाबी होणारे, तेवढे मात्र सगळे हजर.

बायको शेजारी शेंगा सोलत होती. मी कपाळाला हात लावलेला बघून तिने काय झालं विचारलं. सांगितलं.

"कोऱ्यांना रंग लिहिलाय का फाइलीत?"

"नाही. रंगच दिलेला नाही तर लिहिणार काय?"

"मग बरोबर आहे की. अहो, भिशीत मी म्हटलं, ज्यांचा नवरा पीत नाही त्यांनी हात वर करा, तर जिचं लग्नच झालेलं नाही ती कशाला हात वर करेल?"

मी गप्प झालो. 'ज्याचा रंग लाल नाही' यासाठी आधी रंग असावा लागतो. आणि पट्ट्यावाल्यांचं तर विचारूच नका. त्यांना रंग दोन. त्यातला एक जरी लाल नसला तरी अट पुरी. त्यामुळे तो टॉवेल 'लाल' मागा तरी येतो, 'लाल नाही' मागा तरी येतो. लग्नात काही पाहुणे वराकडूनही जेवतात आणि वधूकडूनही, तसा. उपाय काय, तर नकार आतल्या खुणेवर न बसवता अख्ख्या अटीवर बसवायचा: रंगांत लाल असेल, तो नको. not हा शब्द बाहेर, बाकी सगळं त्याच्या लहान कंसात. पुन्हा लहान कंस!

अटी दोन असल्या की त्यांचा क्रमही बघावा लागतो. आधी [२] आणि मग लाल म्हटलं, तर तो रांगेतल्या दुसऱ्यालाच उठवतो आणि तो लाल नसला तर हात हलवत परत येतो. आधी लाल आणि मग [२] म्हटलं, तर लालांची वेगळी रांग लावून त्यातला दुसरा आणतो. बँकेत शिपायाला विचारून बघा, दोन्हींत किती फरक पडतो ते.

आणि अवतरणात 'नाही' असा मजकूर कंसात ठेवला तर? कंस त्याचा अर्थ 'हो' घेतो. मजकूर रिकामा नाही ना, मग हो. गड्ड्याच्या जत्रेच्या दिवसांत आमच्याकडे जेवायला आलेल्या पुण्याच्या जावयाचा हाच अनुभव आहे. तो 'नाही, नाही' म्हणत गेला आणि ताटात शेंगापोळ्या पडत गेल्या. ताट झाकायचं त्याला कोणी शिकवलं नव्हतं.

परवा मालकांनी पुन्हा हाक मारली. "अरे, ह्या ऑर्डरीतला शेवटचा टॉवेल बघायचाय." शेवटच्यासाठी कंसात last() लिहितात. मी लिहिलं, एंटर दाबलं, चहाला म्हणून उठलो. दारात मामा उभे. एका हातात यादीचा लांबलचक कागद, दुसऱ्या हातात कटर, पण पातं आत घेतलेलं.

"सर," ते म्हणाले, "शेवटचा म्हणजे पेटीतला, का सगळ्यांतला?"

मी परत खुर्चीवर बसलो आणि लहान कंस शोधायला लागलो.