कप्प्यातील औषधांची पाठवणी

औषध घेणे ही फारशी अवघड गोष्ट नाही. डॉक्टर सांगतात आणि आपण गिळतो. उरलेले औषध टाकणे हे मात्र येरागबाळ्याचे काम नव्हे, हे आमचा औषधांचा कप्पा गुडघा लावूनही बंद होईना तेव्हा मला कळले.

सगळे शौचालयात ओतून पाणी सोडावे, हा माझा पहिला बेत होता. परंतु सांडपाणी शुद्ध करणाऱ्या केंद्रांतून सर्वच औषधी द्रव्ये गाळली जात नाहीत, ती नदीपर्यंत पोहोचतात आणि प्रतिजैविकांमुळे तेथील जिवाणू अधिक निर्ढावू शकतात, असे वाचनात आले. पाच दिवसांचा जो कोर्स मी तिसऱ्या दिवशी बरे वाटले म्हणून सोडला, तो नदीतील जिवाणूंकडून पूर्ण करून घेणे मला प्रशस्त वाटेना. (काही अतितीव्र वेदनाशामकांना याबाबतीत अपवाद केला जातो, माझी दुखणी त्या योग्यतेची नव्हती.) जुनी औषधे परत घेणारे केंद्र असल्यास तेथेच ती द्यावीत, हे उत्तम, आमच्या जवळपास तसे केंद्र नव्हते.

उरला घरगुती विधी. गोळ्या पाकिटातून काढाव्यात, त्या न कुटता, ओल्या मातीसारख्या कोणालाही तोंडात घालावेसे वाटणार नाही अशा पदार्थात कालवाव्यात, पिशवीत घट्ट बांधून कचऱ्यात टाकाव्यात आणि चिठ्ठीवरील आपले नाव खोडावे. दम्याचा फवारा तेवढा वेगळा ठेवला, कारण त्याचा डबा भोसकला किंवा जाळला तर फुटू शकतो. उघडून वर्ष झालेले, पण उघडल्यावर चार आठवड्यांतच टाकायचे असे वेष्टनावर छापलेले डोळ्यांचे थेंब सापडले. ती सूचना वाचण्याइतके डोळे तेव्हा बरे नसावेत. तासाभराने कुंडीतील मातीत रंगीबेरंगी गोळ्या अशा काही खुलून दिसू लागल्या, की मला क्षणभर कलावंत झाल्यासारखे वाटले.

इतक्यात पत्नी चष्मा पुसत आली. “अहो, टेबलाच्या डाव्या कोपऱ्यात माझी रक्तदाबाची गोळ्यांची पट्टी होती, कालच आणलेली.”

डाव्या कोपऱ्यात आता काहीही नव्हते. मातीत मात्र पांढऱ्या, गोल आणि एकमेकींसारख्या दिसणाऱ्या बऱ्याच गोळ्या होत्या. मी चिमट्याकडे पाहिले. पत्नीने माझ्याकडे पाहिले. मी चिमटा जागेवर ठेवला, पिशवीची गाठ मारली आणि डॉक्टरांची चिठ्ठी शोधू लागलो. तिच्यावरील नाव मी नुकतेच, अत्यंत काळजीपूर्वक, औषधाच्या नावासकट खोडले होते.