स्प्लिट एसी आणि लिजनेला : त्या मेसेजबद्दल खुलासा

सध्या व्हॉट्सॅपवर मेसेज फिरतोय की घरच्या एसीत लिजनेला नावाचे जंतू वाढतात, त्या हवेने न्यूमोनिया होतो आणि एकाला झाला की घरात सगळ्यांना होतो. जंतू खरा आहे हो, बाकी सगळी खिचडी.

1976 मध्ये फिलाडेल्फियाच्या एका हॉटेलात माजी सैनिकांचं संमेलन होतं, तिथनं परतल्यावर लोक पटापट आजारी पडले, 29 जण गेले, आणि जंतू सापडायला जानेवारी 1977 उजाडलं, कारण हा ग्रॅम-निगेटिव्ह (जंतूंच्या दोन मुख्य गटांपैकी एक) असला तरी ग्रॅम स्टेनमध्ये, म्हणजे जंतू पाहायला लॅबमध्ये नेहमी लावतात त्या रंगात, धड दिसतच नाही, आणि लॅबमध्ये जंतू वाढवायच्या साध्या कल्चरवर वाढतही नाही.

याला लागतं कोमट साचलेलं पाणी, आणि त्याचे बारीक तुषार श्वासातून आत जायला हवेत. मोठ्या बिल्डिंगांच्या गच्चीवरचे कूलिंग टॉवर (सेंट्रल एसीचं पाणी गार करणारे), कारंजी, बरेच दिवस न वापरलेले शॉवर, ही त्याची ठिकाणं. आपला स्प्लिट एसी पाण्याने हवा गार करतच नाही, पाइपातनं ठिबकतं ते हवेतल्या बाष्पाचं पाणी. आणि माणसाकडून माणसाला हा सहसा पसरत नाही.

हां, नेब्युलायझरमध्ये (औषधाचे तुषार श्वासातून देणारं मशीन) नळाचं पाणी घालू नका, तो धोका खरा आहे. आणि घरात उरलेलं अमॉक्सिसिलिन हे अँटिबायोटिक तर अजिबात नको, हा जंतू आपल्या पेशींच्या आत लपतो, तिथे या औषधाचं काही चालत नाही. अझिथ्रोमायसिन किंवा लेव्होफ्लॉक्सासिन लागतं, तेही डॉक्टरांनी दिलं तरच.