गळती गवंड्याची की ड्रॉइंगची? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. सामाजिक गृहप्रकल्पात न्हाणीघर-संडासाची गळती टाळायला आधी एक नमुना सदनिका बांधा, असं मी लिहिलं होतं. त्यावर तुमचा आक्षेप थोडक्यात असा: नमुना बांधणं म्हणजे दोन महिने वाया, गळती होते ती कामगारांच्या हलगर्जीपणामुळे, तेव्हा देखरेख वाढवा म्हणजे झालं.

वेळेबद्दलचं म्हणणं मान्य. 'आधी नमुना सदनिका, मग बांधकाम' असं मी सरसकट लिहिलं, ते चुकलंच. सदनिका पूर्ण व्हायची तर डोक्यावर स्लॅब हवा, सेंटरिंगचे (ओलं काँक्रीट तोलून धरणाऱ्या तात्पुरत्या आधाराचे) टेकू निघायला हवेत. तोवर आरसीसी, म्हणजे सळई-काँक्रीटचं काम, थांबवणं परवडत नाही. पण न्हाणीघर-संडासाच्या नमुन्याला इमारत लागतच नाही. पायाचं काम चालू असताना साइटच्या कोपऱ्यात खऱ्या मापाच्या भिंती उभ्या करा, खरा कमोड, खरी टाइल, खरं दार बसवा. जोतं उंच ठेवा, म्हणजे खालून पाइप दिसतील. पहिल्या स्लॅबचं शटरिंग (काँक्रीट ओतायचा साचा) लागायच्या आत हे उरकतं.

कामगारांवर खापर फोडण्याबद्दल मात्र मतभेद आहे. एक साधं उदाहरण घ्या. फरशीतून निचरा होणाऱ्या कमोडचं खालचं तोंड बऱ्याचदा भिंतीपासून 300 मिमीवर असतं. कोणत्या भिंतीपासून? टाइल लावलेल्या. प्लंबिंगच्या ड्रॉइंगवर 300 लिहिलेलं असतं आणि सेंटरिंगवाला ते कोऱ्या भिंतीच्या रेषेपासून मोजतो, कारण त्या वेळी त्याच्यासमोर तेवढीच रेषा असते. पुढे 15 मिमी गिलावा आणि चिकटवायच्या मसाल्यासह 10-12 मिमी टाइल चढते. कमोड बसत नाही. प्लंबर छन्नी-हातोडा घेतो, स्लॅब फोडतो, सळई उघडी पडते आणि भोवतालची फट साध्या सिमेंटने बुजवली जाते. तीच फट पुढे गळते. यात गवंडी कुठे चुकला? ड्रॉइंगवर 'कोऱ्या भिंतीपासून 327' असा आकडा हवा होता.

12 मजले, मजल्यावर 8 सदनिका आणि प्रत्येकीत पाइपांसाठी स्लॅबमध्ये 4 छिद्रं धरली, तर 384 छिद्रं होतात. खाजगी बंगल्यात ही चूक एकदा होते, इथे ती शिक्का मारल्यासारखी प्रत्येक मजल्यावर उमटते.

निविदेतही असंच एक भोक राहतं. 'अमुक कमोड किंवा समतुल्य' असं लिहिलं की कंत्राटदार स्वस्तातला आणतो. तो दिसायला समतुल्य असतो, पण निचऱ्याचं अंतर वेगळं, कधी तोंड भिंतीकडे. म्हणून निविदेत तोंड फरशीत की भिंतीत, आणि तयार भिंतीपासून किती अंतरावर, हे लिहा. ब्रँड दुय्यम.

देखरेख हवीच, पण नेमक्या वेळी. काँक्रीट पडायच्या आदल्या दिवशी प्लायचा साचा भिंतीच्या रेषेला टेकवून स्लीव्ह, म्हणजे पाइपसाठी स्लॅबमध्ये जागा राखणाऱ्या नळ्या, तपासायच्या. त्या खिळ्यांनी शटरिंगला पक्क्या केलेल्या हव्यात, नुसत्या तारेने बांधलेल्या काँक्रीट हलवून बसवणारा व्हायब्रेटर लागला की सरकतात. स्लीव्ह आणि पाइपमधली फट न आकसणाऱ्या ग्राउटने (फटी भरायच्या पातळ मसाल्याने) भरायची. मग जलरोधक थर, तो भिंतीवर किमान 300 मिमी आणि अंघोळीच्या जागी 1800 मिमीपर्यंत.

पाणी तुंबवण्याची चाचणी 48 तास आणि दोनदा: थर वाळल्यावर एकदा, टाइल बसल्यावर पुन्हा. शेजारी तितक्याच उंचीपर्यंत पाणी भरलेलं उथळ घमेलं ठेवा, म्हणजे बाष्पीभवनाने किती उतरलं ते कळेल. नाहीतर पातळी उतरली की 'उन्हाने आटलं' हे उत्तर तयारच असतं. चाचणीनंतर कोणी एकही नवं छिद्र पाडलं तर ती रद्द समजून पुन्हा घ्यायची. या नियमावर सगळ्यात जास्त कुरकुर होते, आणि सगळ्यात जास्त उपयोगही त्याचाच होतो.

नमुना मंजूर करताना वास्तुरचनाकार आणि कंत्राटदार यांच्या जोडीला पुढे इमारतीची देखभाल करणारा माणूस हवाच. नहाणी ट्रॅपची (न्हाणीघरातलं पाणी जाणाऱ्या मोरीच्या तोंडाची) जाळी काढून हात आत जातो का, हे तोच बघतो.

तुम्ही शेवटी डक्टच्या, म्हणजे सगळ्या मजल्यांचे पाइप ज्यातून उभे जातात त्या पोकळीच्या, दाराबद्दल विचारलंय. डक्टमध्ये पाइप सोडून निदान 600 मिमी मोकळी जागा आणि प्रत्येक मजल्यावर उभं राहायला जाळी द्या. दार जिन्याच्या किंवा व्हरांड्याच्या बाजूने उघडू द्या, कुणाच्या स्वयंपाकघरातून नको; भाडेकरू घरी नसला तर चोकअप काढायला कुलूप तोडावं लागतं.